वाडा एक, पाट्या दोन : बीएनबी आणि 'अख्खं घर' यात नेमका फरक काय

आमच्या वाईच्या वाड्याला दोन दारं आहेत. पुढचा दिंडी दरवाजा आमच्याकडे, मागचं परसदार आमच्या धाकट्या दिरांकडे. वाटण्या झाल्या तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की एक दिवस दोन्हीकडे पाहुण्यांसाठी पाट्या लागतील. आता लागल्यात. पुढे मी तीन खोल्यांचं बीएनबी (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे मुक्काम आणि सकाळचा नाश्ता) चालवते आणि मागे भाऊजींनी, जे राहतात पुण्यात, आपला सगळा भाग आख्खाच्या आख्खा रोजच्या भाड्याने द्यायला काढलाय आणि त्याला नाव दिलंय होमस्टे. झालं असं की शुक्रवारी रात्री साडेदहाला माणसं माझी कडी वाजवतात आणि विचारतात, काकू, तो नंबर लावून उघडायचा चावीचा डबा कुठे आहे? आणि मागे उतरलेले लोक सकाळी नऊला माझ्या ओसरीवर येऊन बसतात, पोह्यांची वाट बघत. बिचाऱ्यांची चूक नाही, ऑनलाइन दोघांचेही फोटो सारखेच, तेच लाकडी खांब, तीच तुळस, तोच पितळी बंब (बंब खरं तर माझा आहे, फोटोपुरता मागे नेला होता). म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

फरक ओळखायचा सोपा प्रश्न एकच, मालक रात्री त्याच घरात झोपतो का? झोपत असेल तर ते बीएनबी किंवा खराखुरा होमस्टे. नसेल तर ते भाड्याचं घर, मग त्याला व्हिला म्हणा, बंगला म्हणा, वाडा म्हणा. हे काही माझं डोकं नाही, केंद्र सरकारच्या 'इन्क्रेडिबल इंडिया' च्या योजनेतच आहे, कमीत कमी 1 खोली, जास्तीत जास्त 6 खोल्या म्हणजे 12 बेड, आणि मालकाने कुटुंबासकट त्याच जागेत राहायला हवं. मग सोयी बघून सिल्व्हर नाहीतर गोल्ड दर्जा. आता गंमत अशी की त्या योजनेच्या नावातच बेड अँड ब्रेकफास्ट आणि होमस्टे हे दोन शब्द मधे तिरकी रेघ मारून एकत्र लिहिलेत, म्हणजे सरकारच्या लेखी ही दोन्ही एकच. मी तरी त्या दोघांत भांडण लावत नाही. माझं म्हणणं एवढंच की मागची पाटी या दोन्हींत बसत नाही, आणि हे भाऊजींना सांगितलं की ते म्हणतात वहिनी, गुगलवर सगळे तोच शब्द टाकून शोधतात. आता याला काय बोलणार.

फ्रान्समध्ये हा घोळ त्यांनी कायद्यातच मिटवलाय. तिथे 'शाँब्र दोत' म्हणजे यजमानाच्या राहत्या घरातल्या खोल्या, जास्तीत जास्त 5 खोल्या आणि एका वेळी 15 माणसं, आणि सकाळचा नाश्ता द्यावाच लागतो, तो ऐच्छिक नाही. 'जीत' म्हणजे आख्खं घर, चावी घ्या, स्वयंपाक तुमचा तुम्ही करा. दोन वेगळी नावं, त्यामुळे कुणी चुकीच्या दारावर जात नाही. आपल्याकडे उलट झालंय, इंग्रजी नाव यायच्या कितीतरी आधीपासून कोकणात दारोदार पाट्या होत्याच की, 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय', त्यात घरगुती या एका शब्दात सगळं आलं. आणि एअरबीएनबीचं तरी काय, 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन पोरांनी स्वतः राहत होते त्याच फ्लॅटमध्ये हवेच्या गाद्या टाकून माणसं ठेवली, सोबत नाश्ता, म्हणून ते नाव. आज त्या अ‍ॅपवरच्या किती घरात मालक दिसतो आणि किती घरात नाश्ता मिळतो ते तुम्हीच बघा, नावातला शेवटचा बी नुसता नावालाच उरलाय.

बरं, आता नाश्ता. लोकांना वाटतं नाश्ता म्हणजे खोलीवर फुकट मिळणारी गोष्ट. अहो, सगळा धंदाच त्याच्यावर उभा आहे. वाईला जे येतात त्यातले निम्मे पुढे पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असतात, आणि शनिवारी सकाळी दहानंतर त्या घाटात गाड्यांची रांग लागली की बसा मग. म्हणून मी रात्रीच विचारून ठेवते, उद्या कुठे, किती वाजता, आणि साडेसातला थालीपीठ तव्यावर. थालीपीठ, लोणी, दही, हिवाळ्यात वरूनच येणारी स्ट्रॉबेरी, कधी पोहे कधी उपमा. जो घाटात जाणार नाही त्याला सांगते आधी नऊच्या आत मेणवलीला जाऊन या, तीन-चार किलोमीटर तर आहे, नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली कृष्णेचा घाट आहे, आणि ती मोठी घंटा बघा, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे 1739 नंतर, इकडे आली असं सांगतात. ढोल्या गणपतीला गेलात तर नुसतं पुढून नमस्कार करून परतू नका, मागे जाऊन देवळाची भिंत बघा, माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी कापलं जावं म्हणून. सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं ते देऊळ. हे सगळं सांगणं नाश्त्यातच मोडतं, दहा मिनिटं ताटासमोर बसून. मागच्या घरात हे सगळं एका लॅमिनेट केलेल्या कागदावर आहे, वर क्यूआर कोड. कागद चांगलाच आहे, मीच लिहून दिलाय, पण कागद काही 'आज नदीला पाणी फार आहे, पायऱ्या उतरू नका' असं सांगत नाही.

आता जुन्या घराचं बघा, कारण गावात वाडा असला की प्रत्येकाला वाटतं आपलंही बीएनबी निघेल. आपल्या वाड्यांत मोरी खाली आणि संडास परसात, घराबाहेर. माडीवर पाणी नेण्याची पद्धतच नव्हती. माडीची जमीन म्हणजे तुळया, त्यावर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्या, त्यावर मातीचा थर. आजच्या पाहुण्याला मात्र खोलीला लागून बाथरूम हवं. कडीपाटावर ओलं काम केलं की आज ना उद्या पाणी झिरपणार, लाकूड कुजणार, वाळवी धरणार. मी म्हणून बाथरूम सगळी खालीच बांधली, जुन्या मोरीच्या ओळीत, आणि माडीवरची एक खोली आहे तिच्या पाहुण्याला फोनवरच स्पष्ट सांगते की रात्री जिना उतरून यावं लागेल, काही जण तिथेच फोन ठेवतात, ठेवू देत. भाऊजींनी वर दोन बाथरूम बसवली, फोटोत फार सुंदर दिसतात, बुकिंगही त्यामुळेच जोरात येतं हे मान्य. पण एक सांधा गळत होता तो कळला महिन्याने, खालच्या खोलीत पोपडे यायला लागले तेव्हा. कारण प्रत्येक पाहुणा दोन रात्री राहून गेला आणि त्याला वाटलं जुनं घर आहे, ओल असणारच. माझ्याकडे नळ टपकला तर मला झोपेत ऐकू येतो. आणखी एक, चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावून 'नवं' करू नका, चुना श्वास घेतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, आणि मग तो खालून वर चढणारा पट्टा काही केल्या जात नाही. हे दोन्ही प्रकारच्या घरांना लागू, पण रोज घरात असणाऱ्याला लवकर दिसतं.

पाहुणेही वेगळे येतात. माझ्याकडे रिटायर्ड जोडपी, सायकलवाले, एकट्या फिरणाऱ्या मुली, विश्वकोशाच्या किंवा प्राज्ञपाठशाळेच्या कामाने आलेले अभ्यासू लोक, कधी एखादा परदेशी. मागे आठ-दहा जणांचं भावंडांचं संमेलन, कॉलेजचे ग्रुप, कधी शूटिंगवाल्यांचं युनिट. त्यांना मालक समोर नकोच असतो, आणि त्यात वाईट काहीच नाही. तीन पिढ्या एकत्र जमल्यात, आजीला रात्री अकराला खिचडी करून घालायचीय, पोरांना पत्ते खेळत दोन वाजेपर्यंत हसायचंय, तर माझ्या घरात त्यांची घुसमट होईल आणि माझी झोप जाईल. अशा लोकांना मी स्वतः मागचं घर सुचवते. माझ्याकडे दहानंतर आवाज नाही, दारू नाही, आणि बाहेरची चप्पल ओसरीखाली. ज्याला हे जाचक वाटतं त्याने बीएनबीत राहूच नये, तो कितीही स्वस्त पडो. एक गोष्ट मात्र आहे, मागे गोंधळ झाला की शेजारचे आजोबा येतात माझ्याकडे, पुण्याला फोन लावत नाहीत. गल्ली अरुंद, भिंती एकमेकींना चिकटलेल्या, मागच्या स्पीकरचा ठोका तीन घरांत जातो.

पैशाचं. लोक विचारतातच, तर एक हिशोब धरून बघू, आकडे समजण्यापुरते. माझी खोली 2500 नाश्त्यासकट, तिन्ही भरल्या तर शनिवारी 7500. मागचं घर 9000, भरलं तर सगळं, नाही तर शून्य. मंगळवारी माझी एखादी खोली तरी जाते, मागे मंगळवारी कुलूप. मागे सफाईला माणूस, पाण्याची टाकी बघायला माणूस, चादरी धुवायला लाँड्री, आणि अ‍ॅपचं कमिशन. माझ्याकडे हे बरंचसं मी करते, त्यामुळे खर्च कमी दिसतो, आणि इथेच सगळे फसतात, स्वतःचा पगार वहीत धरायलाच विसरतात. पहाटे साडेपाचला उठून रात्री अकराला शेवटच्या पाहुण्याला दार उघडण्याचा पगार धरलात की मग कळेल बीएनबी खरंच परवडतं का. मला परवडतं कारण घर आमचंच आहे, मुलं बाहेरगावी आहेत, आणि मला माणसं आवडतात. भाड्याने जागा घेऊन, कर्ज काढून तीन खोल्या चालवायच्या असतील तर मी म्हणेन थांबा जरा. बायकांसाठी राज्य सरकारचं 2023 चं 'आई' धोरण आहे, त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो, पण कर्ज ते कर्जच.

कागदपत्रं थोडक्यात. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवायची (सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात), हे पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना सारखंच, घरात एकच खोली दिली तरी. भाऊजींना वाटत होतं हे फक्त हॉटेलांना असतं. नाही. ओळखपत्र आणि रजिस्टर दोघांनाही हवंच. जीएसटीत फरक पडू शकतो, रोजचं भाडं 7500 पर्यंत असेल तर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के, त्याच्या वर 18 टक्के, म्हणजे माझी 2500 ची खोली एका दरात आणि आख्खं घर एकच युनिट धरलं तर 9000 ला दुसरा दर. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर अ‍ॅपवरून आलेल्या बुकिंगचा कर अ‍ॅपच भरतं, थेट फोनवर आलेल्या बुकिंगवर कर लागत नाही. तरी आपापल्या सीएला एकदा विचारा, मी थालीपीठवाली आहे.

सणावाराला दोन्ही दारांची खरी परीक्षा होते. माघापासून कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात, घाटाघाटांवर पाळीपाळीने, आणि रंगपंचमीला शेजारी बावधनला बगाड, तेव्हा तर गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत मी दोन खोल्या बंद ठेवते कारण नणंदा, भाचे, सगळे येतात, घर घरासारखं लागतं. मागचं घर मात्र त्याच दिवसांत सगळ्यात महाग जातं आणि भाऊजींच्या स्वतःच्या मुलांना उतरायला माझ्या माडीवर यावं लागतं. मागच्या वर्षी धाकटा पुतण्या रात्री जिना उतरून बाथरूमला जाताना म्हणाला, काकू, आमच्याकडे वरच बाथरूम आहे. म्हटलं आहे ना बाळा, भाडेकरूंना.

बुक करताना ओळखायचं कसं? फोन करा आणि विचारा सकाळी नाश्ता कोण करणार. 'मीच' किंवा 'आई करते' असं उत्तर आलं तर बीएनबी. 'केअरटेकरला सांगितलं तर तो बाहेरून आणून देईल' असं आलं तर आख्खं घर, मग माणसं किती, स्वयंपाकघरात गॅस आहे का, डिपॉझिट किती, पाणी गेलं तर रात्री कुणाला फोन लावायचा हे विचारून घ्या. फोनच नसेल, नुसता चॅट असेल, तर चावी डब्यात असणार हे धरून चाला आणि डब्याचा नंबर उजेडात असतानाच लिहून ठेवा, आमच्या बोळात रात्री दिवा नसतो.

मी आता दिंडीवर खडूने लिहून ठेवलंय, चावीचा डबा मागे, इथे फक्त पोहे. तरी वाजवतातच कडी.