हृदयतालाची वारंवार होणारी अनियमितता

हृदयाचे ठोके अचानक जलद, मंद किंवा वेडेवाकडे पडण्याचा, वर्षानुवर्षे पुनःपुन्हा उद्भवणारा विकार. सांगली-मिरज भागात रुग्ण ‘धडधड होते’ किंवा ‘ठोका चुकतो’ असे सांगतात. विश्रांती घेत असलेल्या प्रौढाच्या हृदयाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. उजव्या वरच्या कप्प्यातून निघणारा विद्युत् संदेश हा ताल राखतो. तो भलत्याच जागेतून निघाला किंवा गोल फिरत राहिला की ताल बिघडतो.

धडधड थांबते, पण ‘दर वेळी हृदय थोडेथोडे झिजत असेल का?’ ही धास्ती मागे राहते. बहुतेकांच्या बाबतीत तसे होत नसते, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे. सुटे जादा ठोके निरोगी माणसांतही सापडतात. दिवसभरात हृदयाचे सुमारे एक लाख ठोके पडतात. त्यांत खालच्या कप्प्यांतून उठणारे जादा ठोके १० टक्क्यांच्या वर गेले, तर काहींची पंपशक्ती घटू शकते, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून लक्ष ठेवतात. हृदयगती आठवडेच्या आठवडे जलद राहिली तरी स्नायू थकतो. मात्र गती आटोक्यात आल्यावर तो पुष्कळदा सावरतो.

खरी जपणूक लागते ती एट्रियल फिब्रिलेशनमध्ये. यात वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांत तो आणखी मोठा असतो. अशा रुग्णांना वॉरफरिन किंवा असिट्रॉमसारखी रक्त पातळ करणारी गोळी देतात व आयएनआर (रक्त किती पातळ झाले हे दाखवणारा तपासणीचा आकडा) साधारण २ ते ३ दरम्यान राखतात. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, तरी मेथी-पालक बंद करण्याची गरज नसते; रोजचे प्रमाण सारखे ठेवावे लागते. हळदीच्या या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे: भाजी-आमटीतल्या हळदीची भीती नको, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल या गोळ्यांबरोबर परस्पर घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो.

निदानात मोठी अडचण वेळेची. जत किंवा आटपाडीहून मिरजेला पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असते, ईसीजी नॉर्मल येतो आणि ‘गॅस असेल, टेन्शन घेऊ नका’ असे ऐकून माणूस परततो. म्हणून त्रास चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढून घ्यावी. तो कागद उष्णतेने उमटणारा असल्याने फाइलमध्ये काही वर्षांत पुसट होतो. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्या एका पट्टीवर पुढचे उपचार ठरू शकतात. ती हाती नसेल तर होल्टर (ठोक्यांची सलग नोंद करणारे यंत्र) लावतात: छातीला चिकटवलेल्या वायरी, कमरेला लहान यंत्र, २४ तास आंघोळ नाही. या काळात नेहमीची कामे टाळू नयेत. जिना, शेतातली फेरी, जेवण आणि त्रासाची वेळ वहीत टिपावी.

काही प्रकार, विशेषतः एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी जलद धडधड), अ‍ॅब्लेशनने (शिरेतून नळी घालून बिघाडाची जागा निकामी करण्याने) बहुधा कायमचे बरे होतात. ताल राखणारे अमिओडॅरोन हे औषध चालू असल्यास थायरॉइड व यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात.

भीतीने चालणे आणि शेतावर जाणे सोडलेल्यांचे नुकसान अनेकदा विकारापेक्षा अधिक होते. इको नॉर्मल असेल तर किती श्रम चालतील हे डॉक्टरांना थेट विचारावे. भीतीवर समुपदेशन सुचवले, म्हणजे धडधड खोटी ठरवली असे नव्हे. धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे दिसल्यास मात्र थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.