एक्स्क्लुझिव्ह खेळ, जपानी कन्सोल बाजारातील

एकाच कंपनीच्या गेम कन्सोलवर उपलब्ध होणारे व्हिडिओ खेळ. कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे खेळ पूर्वी सामान्यतः तिच्याच यंत्रावर येत. त्यांचा विचार येथे केलेला नाही. प्रस्तुत नोंद बाहेरच्या प्रकाशकांच्या खेळांपुरती आहे. असे खेळ मिळवण्यासाठी जपानमध्ये थेट पैसेही मोजले गेले. मात्र यंत्राचा खप, कार्ट्रिज (खेळ साठवलेली, यंत्रात बसवायची डबी) वा सीडीचा उत्पादनखर्च आणि वितरणाच्या अटी यांचा वाटा त्याहून मोठा दिसतो.

या प्रथेचा आरंभ सामान्यतः निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलपासून (जुलै १९८३) धरतात. १९८४ मध्ये हडसन व नामको या कंपन्यांचे खेळ त्यावर आले. नामकोसारख्या मोजक्या आरंभीच्या कंपन्यांना कार्ट्रिज स्वतः बनवण्याची मुभा होती. मागून आलेल्यांना ती निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावी लागत. काही लेखक अनन्यतेचे, म्हणजे खेळ एकाच यंत्रापुरता राहण्याचे, मूळ परवान्यातील बंधनात शोधतात: दोन वर्षे तो खेळ दुसऱ्या यंत्रावर आणायचा नाही. परंतु ते बंधन आणि परवान्याविना कार्ट्रिज चालू न देणारी चिप या दोन्ही गोष्टी अमेरिकेत विकल्या गेलेल्या एनईएसच्या (फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीच्या) संदर्भात नोंदलेल्या आहेत. जपानी फॅमिकॉममध्ये अशी चिप नव्हती, त्यामुळे हे मत जपानला जसेच्या तसे लावता येत नाही. तेथे ग्राहकवर्गच एका यंत्राभोवती गोळा झाला होता आणि प्रकाशकाला दुसरीकडे जाण्यात फारसा लाभ नव्हता. १९८९ च्या सुमारास नामकोच्या सवलतींची मुदत संपली. त्याच सुमारास ती पीसी इंजिन व मेगा ड्राइव्ह या प्रतिस्पर्धी कन्सोलांकडे वळली आणि पुढे सोनीच्या जवळ गेली. सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलच्या विक्रीच्या पहिल्याच दिवशी (३ डिसेंबर १९९४) नामकोचा ‘रिज रेसर’ दुकानांत होता. ‘टेकेन’ तर प्लेस्टेशनवरच आधारलेल्या आर्केड बोर्डावर (खेळघरांतील यंत्राच्या सर्किटवर) तयार झाला होता.

सर्वाधिक चर्चा ‘फायनल फँटसी ७’ (३१ जानेवारी १९९७) या खेळाविषयी झाली आहे. या मालिकेचे पहिले सहा मुख्य भाग निन्टेंडोच्या यंत्रांवर आले होते. सातवा स्क्वेअर कंपनीने प्लेस्टेशनला दिला. प्रचलित मत तांत्रिक आहे: निन्टेंडो ६४ या निन्टेंडोच्या नव्या कन्सोलमध्ये कार्ट्रिजच कायम राहिले, सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत आणि हा खेळ तीन सीडींवर पसरला होता. तुलनेसाठी, ‘सुपर मारिओ ६४’ चे कार्ट्रिज ८ मेगाबाइटचे होते. हे कारण खरेच आहे, पण पुरेसे वाटत नाही. फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉमवरील सहाव्या भागाची किंमत ११,४०० येन होती, सातव्याची ६,८०० येन. कार्ट्रिजची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागे, अंदाज चुकला तर माल अंगावर पडे. सीडी मात्र थोड्या अवधीत पुन्हा छापता येत. सोनीने घाऊक व्यापाऱ्यांची जुनी साखळी टाळून दुकानदारांशी थेट व्यवहार ठेवला. स्क्वेअरनेही १९९६ मध्ये डिजिक्यूब ही कंपनी काढून कोन्बिनी म्हणजे चोवीस तास उघड्या किराणा दुकानांतून खेळ विकायला सुरुवात केली. एनिक्स या दुसऱ्या प्रकाशकाने जानेवारी १९९७ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट ७’ प्लेस्टेशनवर आणण्याचे जाहीर केले, ही बाब येथे निर्णायक मानावी लागते. चलच्चित्रांवर फारसा भर नसलेल्या मालिकेचे स्थलांतर केवळ सीडीच्या क्षमतेने उलगडत नाही. स्क्वेअर व निन्टेंडो यांच्यातील दुरावा यानंतर जवळजवळ सहा वर्षे टिकला. सोनीने स्क्वेअरमध्ये भागभांडवल घेतले ते २००१ मध्ये, म्हणजे खेळ मिळाल्यानंतर. त्याला मूळ सौद्याचा पुरावा मानणे योग्य नाही.

खप जिकडे, खेळ तिकडे हे सूत्र पुढेही दिसते. ‘ड्रॅगन क्वेस्ट ९’ (२००९) निन्टेंडो डीएस या हातयंत्रावर आला. प्लेस्टेशन ३ साठी ठरलेला ‘मॉन्स्टर हंटर ३’ कॅपकॉमने २००७ मध्ये निन्टेंडोच्या वी (Wii) या कन्सोलकडे वळवला. त्यामागे निर्मितीखर्चाचे कारण सांगितले गेले.

उलट बाजूचे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. ‘ब्लू ड्रॅगन’ (२००६) साठी तिने ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे चित्रकार अकिरा तोरियामा आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु यांना एकत्र आणले. याहून वजनदार जपानी चमू जुळवणे कठीणच. तरीही मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल जपानमध्ये रुजला नाही. २००८ मध्ये केवळ त्याच्यावर आलेला ‘टेल्स ऑफ व्हेस्पेरिया’ पुढच्याच वर्षी अधिक मजकुरासह प्लेस्टेशन ३ वर निघाला.

अनन्यता देशानुसारही बदलते. ‘फायनल फँटसी १३’ पाश्चात्त्य देशांत प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी विकला गेला. जपानमध्ये डिसेंबर २००९ मध्ये तो फक्त प्लेस्टेशन ३ वर होता आणि एक्सबॉक्स आवृत्ती वर्षभराने आली. स्क्वेअर व एनिक्स २००३ मध्ये एकत्र आल्या होत्या. या संयुक्त कंपनीने मे २०२४ मध्ये प्रमुख खेळ अनेक यंत्रांवर आणण्याचे धोरण जाहीर केले.