घरी बनवलेला गार्डन ट्रॅक्टर: दुरुस्ती आणि इंजिनबदल

घरी बनवलेला गार्डन ट्रॅक्टर म्हणजे शोरूममधून न आलेला, कुणीतरी आपल्या शेडमध्ये एका गाडीचा ॲक्सल, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, भंगारातलं चॅनल आणि हाताला लागेल ते इंजिन जोडून उभा केलेला छोटा ट्रॅक्टर. असा जुना ट्रॅक्टर परत चालता करणं आणि त्याचं मेलेलं इंजिन काढून दुसरं बसवणं, ज्याला तिकडे रीपॉवर म्हणतात, हा अमेरिकेत बऱ्याच लोकांचा जिवाभावाचा छंद आहे. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फिरतो तो मिनी ट्रॅक्टर इथे डोळ्यासमोर आणू नका. तो कंपनीचा असतो, शेतीसाठीच बनवलेला आणि बराच ताकदीचा. गार्डन ट्रॅक्टर त्याहून लहान, घरामागची भाजी नांगरायची, गवत कापायचं, थंडीत दारातला बर्फ ढकलायचा एवढ्या कामाचा, इंजिन साधारण ५ ते १६ एचपीचं.

याची मुळं फोर्डच्या गाड्यांपर्यंत जातात. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनल्या, त्यानंतर मॉडेल ए आली ती १९३१ पर्यंत चालली, आणि मग १९३० च्या मंदीत शेतकऱ्याकडे नवा ट्रॅक्टर घ्यायला पैसे नव्हते पण अंगणात जुनी फोर्ड मात्र होती. लोकांनी बॉडी काढून टाकली, चासी कापून आखूड केली, मागे ट्रकचा ॲक्सल घातला आणि नांगर जोडला. याला तिथे डूडलबग म्हणायचे. सिअर्ससारख्या कॅटलॉग कंपन्या गाडीचा ट्रॅक्टर करायचे किटसुद्धा विकायच्या. दुसऱ्या महायुद्धात लोखंड रेशनवर गेलं, फेब्रुवारी १९४२ ला साध्या माणसांसाठी गाड्या बनणंच थांबलं, त्यामुळे घरच्या घरी ट्रॅक्टर करण्याला आणखी जोर आला. स्वीडनमध्ये याच काळात गाडीपासून ट्रॅक्टर करायला सरकारने १९४० साली नियमच करून दिले, त्याला एपा ट्रॅक्टर म्हणतात आणि त्याचा आजचा भाऊ ए-ट्रॅक्टर तिथली पंधरा वर्षांची पोरं चालवतात, वेग ताशी ३० किमीच्या आत.

युद्धानंतर शहराबाहेर एक-दोन एकराच्या घरांची वस्ती वाढली आणि लहान ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मिळालं. व्हील हॉर्स ही ट्रॅक्टर बनवणारी कंपनी १९४६ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला सुरू झाली, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१ ला आला, जॉन डिअरचा ११० हा मॉडेल १९६३ ला, आणि या शेवटच्या दोघांतही सुरुवातीला कोहलर कंपनीचं ७ एचपीचं एका सिलेंडरचं इंजिन होतं. तरी घरी बनवणारे थांबले नाहीत, कारण वेल्डिंग सेट आता घरोघर आला होता, आणि मेकॅनिकच्या मासिकांत ट्रॅक्टरचे नकाशे छापून यायचे.

आता दुरुस्तीकडे. कंपनीच्या ट्रॅक्टरला मॅन्युअल असतं, पार्ट नंबर असतो. घरच्या ट्रॅक्टरला काहीच नसतं, त्याचं मॅन्युअल म्हणजे तो स्वतःच. म्हणून ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बघत बसावं असं माझं ठाम मत आहे. फोटो काढावेत, प्रत्येक पुलीचा व्यास, प्रत्येक स्प्रॉकेटचे दात मोजून वहीत लिहावेत, गिअरबॉक्स हाताने फिरवून कितीला किती पडतं ते बघावं. बनवणाऱ्याने एखादी पट्टी वेडीवाकडी का जोडली हे आधी कळत नाही, आणि ती कापून टाकल्यावर कळतं की चेन ताणायला तीच होती. ज्या माणसाने हे केलं तो बहुतेक वेळा हयात नसतो, त्याला विचारता येत नाही, त्याचं वेल्डिंगच काय ते बोलतं. म्हणूनच सगळं घासून पुसून नवं कोरं करण्यापेक्षा त्याचे निर्णय दिसत राहतील अशी दुरुस्ती मला जास्त चांगली वाटते.

जाम झालेलं इंजिन लगेच मेलं असं समजू नये. प्लग काढून सिलेंडरमध्ये भेदक (गंजात झिरपणारं) तेल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं घालून आठ-पंधरा दिवस ठेवतात, मग फ्लायव्हील दोन्ही बाजूंना हळूहळू हलवतात, घण मारत नाहीत. मोकळं झालं की स्पार्क बघायचा. जुन्या ब्रिग्ज कंपनीच्या किंवा कोहलर के सिरीजच्या इंजिनात पॉइंटची, म्हणजे उघडझाप होऊन ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, फट ०.०२० इंच म्हणजे साधारण अर्धा मिमी ठेवतात आणि कित्येकदा पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसले की एवढ्यावरच इंजिन पकडतं. टाकीतलं वर्षानुवर्षांचं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, कार्बोरेटर पूर्ण खोलून धुवावाच लागतो. गंजलेल्या पत्र्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर लावून गंज उतरवायची पद्धत छान आहे, फक्त त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा ॲनोड म्हणून (चार्जरच्या अधिक टोकाला) कधी वापरू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, हवा मारून धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सिलेंडरचा बोअर चिरलेला असेल, क्रँक गेला असेल किंवा पार्टच मिळत नसेल, टेकमसेसारख्या मोठ्या कंपनीने २००८ च्या सुमाराला इंजिनं बनवणंच बंद केलं, तर मग रीपॉवर. आणि इथे बहुतेकांची पहिली चूक होते ती म्हणजे मोठं इंजिन. हिशोब करून बघा. समजा मागच्या चाकांवर ३०० किलो वजन आहे आणि जमिनीची पकड वजनाच्या निम्मी धरली तर ट्रॅक्टर जास्तीत जास्त १५० किलोच्या जोराने ओढेल, त्याच्यापुढे चाकं नुसती फिरतील. नांगरताना वेग सेकंदाला एक मीटर धरला तर या ओढीला चाकापाशी जेमतेम २ एचपी लागतात. बेल्ट, चेन, गिअर आणि घसरण यात जाणारं धरूनही इंजिनला ४ एचपी भरपूर झाले. २० एचपीचं इंजिन घालून ओढ वाढत नाही, वाढतो तो ॲक्सल मोडायचा धोका. ओढ वाढते वजनाने आणि चांगल्या टायरने, म्हणून जुने लोक चाकात पाणी भरायचे आणि रिमला सिमेंटचे वजन बांधायचे.

खरी अडचण फेऱ्यांची असते. गाडीचं जुनं इंजिन सावकाश फिरत जोर द्यायचं, मॉडेल टीचा सगळा २० एचपी १६०० फेऱ्यांतच यायचा, आणि आजचं एका सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर चालतं. म्हणून घरचे ट्रॅक्टर दोन गिअरबॉक्स एकामागे एक लावायचे आणि आपण मधे बेल्ट-पुलीने फेऱ्या आणखी कमी करायच्या. मॉडेल एचा पहिला गिअर साधारण ३.१२ चा (आत ३.१२ फेऱ्या तर बाहेर एक) आणि ॲक्सल ३.७८ चा, म्हणजे दोन्ही गिअरबॉक्स पहिल्यात टाकले की एकूण सुमारे ३७ ला १. इंजिनवर ३ इंचाची पुली आणि समोर ९ इंचाची लावली की तेच ११० ला १ होतं, ३६०० फेऱ्यांना चाक मिनिटाला ३३ वेळा फिरतं, आणि २३ इंची टायरवर वेग ताशी साडेतीन किमीच्या आसपास. माणूस चालतो त्याहून थोडं हळू, नांगराला अगदी बरोबर. व्ही-बेल्टवर ताण द्यायला आयडलर म्हणजे मोकळी फिरणारी पुली पेडलला जोडली की वेगळा क्लचही लागत नाही.

दिशा तपासल्याशिवाय काही वेल्ड करू नका. होंडाचं जीएक्स इंजिन शाफ्टकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. ते गाडीच्या इंजिनासारखं सरळ गिअरबॉक्सला तोंड करून बसवलं तर जमतं, पण शाफ्ट पुढच्या बाजूला करून बेल्टने मागे आणलं की सगळं उलटतं आणि तीन फॉरवर्ड एक रिव्हर्सचा ट्रॅक्टर एक फॉरवर्ड तीन रिव्हर्सचा होतो. उपाय म्हणून ॲक्सल उलटा बसवतात, पण मग तेल भरायचं भोक आणि श्वासाचं छिद्र खाली जातं, तेही बदलावं लागतं. त्यापेक्षा इंजिनची जागा बदलणं बरं. शाफ्ट आडवा की उभा हेही घेतानाच बघावं, गवत कापायच्या यंत्राचं स्वस्त इंजिन उभ्या शाफ्टचं असतं आणि त्याला बेल्ट वळवायला जास्तीच्या पुल्या लागतात.

जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन जाऊन तीस-बत्तीस किलोचं ॲल्युमिनियमचं आलं की पुढचा भाग हलका होतो, स्टिअरिंग ऐकत नाही आणि चढावर पुढची चाकं उचलतात, तेव्हा पुढे वजन घालणं भागच आहे. ओढायचा हुक मागच्या ॲक्सलच्या मध्याच्या खालीच हवा, वर लावला तर चाक अडकल्या क्षणी सगळा ट्रॅक्टर मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान घरच्या ट्रॅक्टरला सहसा नसते. ती बसवावी, सीटखाली, माणूस उठला की इंजिन बंद करणारा स्विच लावावा, बेल्टवर पत्रा घालावा, मूळ रूप बिघडलं तरी चालेल, या तीन गोष्टींत मी मूळ रूपाचा आग्रह धरत नाही.

भारतात याच्या जवळचं उदाहरण गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातलं आहे, मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमाराला बुलेट मोटरसायकलच्या मागच्या चाकाऐवजी दोन चाकं आणि औत लावून बुलेट सांती बनवली. वखरणी, कोळपणी, पेरणी तिच्यावर होते.

इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर लगेच नांगर लावत नाहीत. आधी मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून प्रत्येक गिअर फिरवून बघतात, मग रिकामा ट्रॅक्टर तासभर फिरवून नट-बोल्ट परत आवळतात, नवं इंजिन असेल तर सुरुवातीच्या वीस तासांत किंवा महिन्याभरात तेल बदलतात. आणि काढलेलं जुनं इंजिन भंगारात देऊ नये, सिलेंडरमध्ये थोडं तेल घालून, प्लग लावून, कोरड्या जागी ठेवून त्यावर कुठल्या ट्रॅक्टरचं ते लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधून ठेवावी.