कोल्हापूर संस्थानाचं विलीनीकरण: कायद्याची बाजू

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. कोल्हापुरात ही तारीख बऱ्याच जणांना माहीत असते, पण गादीची सत्ता सरकारकडे नेमकी कुठल्या कायद्याने गेली हे फार कमी लोक सांगतात, आणि महत्त्वाचं तर तेच आहे.

कोल्हापूर ब्रिटिश इंडियात, म्हणजे इंग्रजांच्या थेट राज्यात, कधीच नव्हतं. १८१२ च्या तहानंतर इंग्रजांचं वर्चस्व होतं, म्हणजे राज्य छत्रपतींचंच पण वर रेसिडेंट, इंग्रजांचा प्रतिनिधी. १९४७ च्या इंडियन इंडिपेंडन्स ॲक्टच्या कलम ७ ने ते वर्चस्व आणि त्याखालचे तह एकदम संपले, त्यामुळे इंग्रजांनी कोल्हापूर भारताला दिलं असं कायद्याने झालंच नाही, दिल्लीला ते महाराजांकडूनच घ्यावं लागलं आणि तेही दोन टप्प्यांत. आधी सामीलनामा, म्हणजे भारतात सामील व्हायचा करार, त्यात फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. मग विलीनीकरणाचा करार, त्यात कारभाराचे सगळे अधिकार दिले आणि बदल्यात तनखा (राजाला सरकारकडून दरवर्षी मिळणारी रक्कम), खाजगी मालमत्ता, मानमरातब यांची हमी घेतली.

करारावर सही राजाची लागायची, प्रजेची नाही. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने जबाबदार राज्यपद्धतीसाठी, म्हणजे लोकांनी निवडलेल्यांना जबाबदार असलेल्या कारभारासाठी, इतकी वर्षं लढा दिला, तरी कराराच्या कागदावर लोक हा पक्षच नव्हता. मला ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. फ्रेंच वसाहत असलेल्या पुदुच्चेरीत निदान १९५४ ला किझूर गावात लोकप्रतिनिधींनी भारतात सामील व्हायच्या प्रश्नावर मतदान केलं, मग फ्रान्सने ताबा सोडला, पण कायदेशीर हस्तांतर पूर्ण व्हायला १९६२ उजाडलं कारण फ्रेंच पार्लमेंटची मंजुरी अडकली होती.

आणि संस्थानाने दिलेल्या जुन्या सनदा, इनामं, सवलती यांचं काय? असल्या वादात सुप्रीम कोर्टाने १९५८ च्या दालमिया दादरी सिमेंट केसमध्ये सांगितलं की जुन्या राज्यातले हक्क नवीन सरकारने मान्य केले तरच त्याच्याविरुद्ध कोर्टात चालतात. ती केस पंजाबकडच्या जिंद संस्थानातली, पण तत्त्व सगळ्याच संस्थानांना लागू. करारावरून भांडायचं म्हटलं तर राज्यघटनेचं कलम ३६३ आडवं येतं, अशा वादात कोर्टाला अधिकारच नाही. तनख्याची आणि मानमरातबाची हमी देणारी कलमं २९१ आणि ३६२ तर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने काढूनच टाकली, ३६३ मात्र अजून आहे.