फुटी नेमकी कुठून पाहायची? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, गोलच्या बरोबर मागे आणि जमेल तितक्या वरच्या रांगेत बसून फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, सामना पाहा. चेंडू डाव्या कडेला एका बचावपटूच्या हातात आहे. त्याच्यापुढे पन्नासेक मीटरवर दोन्ही संघांची पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने उभी आहेत. उजवीकडचा अर्धा भाग मात्र ओस पडलाय. या ओस बाजूला तिथले लोक 'फॅट साइड' म्हणतात. चेंडू तिकडे वळवावा म्हणून वर बसलेल्यांतून "स्विच! स्विच!" असा ओरडा सुरू होतो. त्याच वेळी घरी टीव्हीपुढे बसलेल्याला काय दिसतं? त्या बचावपटूचा घामेजलेला चेहरा, त्याचे बूट आणि समोरून अंगावर धावून येणारा एक प्रतिस्पर्धी. ओस बाजू पडद्यावर आलेलीच नसते.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे चाहते डावपेचांवर भांडतात, टीव्हीवर खेळ कसा दाखवतात यावर भांडतात आणि मैदानात कुठली जागा चांगली यावरही भांडतात. वरवर हे तीन विषय आहेत, पण माझ्या मते वाद एकच आहे. या खेळात चेंडूपासून दूर जे चाललेलं असतं तेच बरेचदा निर्णायक ठरतं, आणि ते दिसतं की नाही हे तुम्ही कुठून पाहता यावर ठरतं. असं का झालं, हे समजायला पार 1858 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी 10 जुलैला मेलबर्नच्या 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या साप्ताहिकात टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूचं पत्र छापून आलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरं सुस्तावू नयेत म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या वर्षी, 17 मे 1859 रोजी, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी बसून दहा नियम लिहून काढले. त्या दहा नियमांत ऑफसाइडचा नियम नव्हता. खेळाडूने मैदानात कुठेही उभं राहावं, त्याला कुणी अडवणार नव्हतं.

खेळ क्रिकेटवाल्यांनी सुरू केलेला, त्यामुळे पुढे तो क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानांवर रुजला. म्हणून फुटीच्या मैदानाला आजही एक ठराविक माप नाही. लांबी साधारण 135 ते 185 मीटरच्या दरम्यान कितीही चालते. जिलाँगचं कार्डिनिया पार्क 170 मीटर लांब आणि जेमतेम 115 मीटर रुंद आहे. एमसीजी त्याहून कितीतरी रुंद. एका मैदानावर चाललेला डाव दुसऱ्यावर फसतो, त्याचं एक कारण हे.

विल्सचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. 1866 च्या बॉक्सिंग डेला एमसीजीवर आदिवासी खेळाडूंचा एक क्रिकेट संघ उतरला होता, त्याला विल्सने तयार केलं होतं. त्या संघात जॉनी मुला होता. डिसेंबर 2020 मध्ये बॉक्सिंग डे कसोटीचा सामनावीर म्हणून पहिलं मुला पदक गळ्यात पडलं ते अजिंक्य रहाणेच्या, त्याच मैदानावरच्या 112 धावांसाठी. ज्या गवतावर रहाणे उभा होता, तिथेच हिवाळ्यात फुटी चालते.

तर ऑफसाइड नाही, मैदान प्रचंड आणि एका बाजूला अठरा खेळाडू. एवढी मोकळीक असूनही जवळजवळ शंभर वर्षं खेळाडू आपापल्या जागेवरच राहिले. फुल-बॅकपासून फुल-फॉरवर्डपर्यंत तीन-तीन जणांच्या पाच ओळी, आणि चेंडूमागे धावायला रक, रक-रोव्हर, रोव्हर हे तिघे. प्रत्येकाचा प्रतिस्पर्धी ठरलेला. सामना म्हणजे एकाच वेळी चाललेल्या पंधरा-सोळा कुस्त्या. प्रेक्षकाने आपल्या आवडीची कुस्ती निवडायची आणि तिच्या जवळ उभं राहायचं.

उभं राहायचं, कारण बहुतेक मैदानांवर स्वस्त भाग म्हणजे 'आउटर'. मातीचे किंवा काँक्रीटचे उतार, डोक्यावर छप्पर नाही. ज्या टोकाला आपला संघ गोल करणार तिकडे क्वार्टर संपला की लोक चालत जायचे. मागे उभ्या असलेल्या बुटक्या माणसांनी यावर एक युक्ती काढली होती. बिअरचे रिकामे डबे पायाखाली रचायचे आणि त्यांवर तोल सांभाळत सामना बघायचा. जुन्या चाहत्यांच्या आठवणींत हे डबे हमखास येतात. गोलच्या मागची जागा जयघोष करणाऱ्या टोळ्यांची. क्रेप कागदाचा भलामोठा फलक त्यांनी आठवडाभर खपून तयार करायचा आणि सामन्याआधी खेळाडूंनी तो फाडत मैदानात शिरायचं, ही रीत अजून टिकून आहे.

टीव्ही मेलबर्नला आला 1956 च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने. 1957 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सामने पडद्यावर आले, पण थेट दाखवायचा तो फक्त शेवटचा क्वार्टर. लीगला धास्ती गर्दीची होती. बारा संघ, सहा सामने, सगळे शनिवारी दुपारी एकाच वेळी. लोक घरीच बसले तर दारावरचा गल्ला कोण भरणार? काही मोसमांनंतर तेवढं थेट प्रक्षेपणही थांबलं आणि चाहत्यांच्या वाट्याला आला शनिवार संध्याकाळचा रिप्ले. रविवारी सकाळी 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' लावून कालच्या सामन्यांची चिरफाड ऐकायची, हा मेलबर्नच्या घरांचा शिरस्ता 1959 पासून 1987 पर्यंत चालला. टीव्हीवर खेळाची चर्चा मुबलक आणि थेट खेळ कमी, असा तो काळ.

त्यामुळे 26 सप्टेंबर 1970 चा अंतिम सामना मेलबर्नकरांना थेट पाहायचा तर एमसीजी गाठणं भाग होतं. 1,21,696 लोक आले. तो विक्रम आज मोडणं शक्य नाही, कारण आता मैदानात तेवढी माणसं मावतच नाहीत. मध्यंतराला कॉलिंगवुड कार्लटनपेक्षा 44 गुणांनी पुढे होता. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी खेळाडूंना बजावलं: हँडबॉल करा, काहीही झालं तरी हँडबॉल करा. म्हणजे चेंडू एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने जवळच्या सहकाऱ्याकडे ढकलायचा. तोवर अडचणीत सापडल्यावर शेवटचा उपाय म्हणून हँडबॉल व्हायचा. लांब किक मारून पुढच्याने झेलायचं, हीच रूढ चाल. हँडबॉलचं हत्यार होऊ शकतं हे जिलाँगच्या पॉली फार्मरने आधी दाखवलं होतं आणि फिट्झरॉयचे प्रशिक्षक लेन स्मिथ तोच आग्रह धरत होते. पण एवढ्या मोठ्या मंचावर त्याने सामना फिरला तो त्या दुपारी. कार्लटन 10 गुणांनी जिंकला. मध्यंतरानंतर बदली म्हणून उतरलेल्या टेड हॉपकिन्सने चार गोल केले.

हॉपकिन्सचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

अंतिम सामना मेलबर्नमध्ये थेट दिसायला 1977 उजाडलं. नॉर्थ मेलबर्न आणि कॉलिंगवुड 76-76 असे बरोबरीत सुटले, म्हणजे पहिल्याच थेट अंतिम सामन्याचा निकाल लागला नाही आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा खेळावा लागला. 1982 मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलला आणि तिथले रविवारचे सामने मेलबर्नमध्ये थेट दिसू लागले. माझ्या मते चाहत्यांच्या सवयी बदलायला इथून सुरुवात झाली. आपल्या संघाचा नसलेला सामनाही आता सोफ्यावर बसून पूर्ण पाहता येत होता. 1990 मध्ये लीगचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं, तोवर पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले होते आणि वेळापत्रक टीव्हीच्या सोयीने शुक्रवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत पसरत चाललं होतं.

नेमका याच सुमारास खेळ टीव्हीच्या चौकटीबाहेर निसटू लागला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फिट्झरॉयचे रॉबर्ट वॉल्स यांनी 'हडल' आणला. बिहाइंड गेल्यावर, म्हणजे एका गुणाचा फटका झाल्यावर, बचावपटू गोलपुढून किक मारून खेळ सुरू करतो. त्या वेळी वॉल्सचे खेळाडू मैदानात एका जागी घोळका करून उभे राहायचे आणि एकदम चहूकडे पांगायचे. कुणी कुणाला धरायचं हेच प्रतिस्पर्ध्याला कळेना. 1990 च्या दशकात नॉर्थ मेलबर्नच्या डेनिस पेगन यांनी गोलपुढचा सगळा भाग मोकळा करून तो आपला आक्रमक वेन कॅरी याला आंदण दिला, त्याला लोक 'पेगन्स पॅडॉक' (पेगनचं कुरण) म्हणू लागले. दोन्ही डाव रिकाम्या जागेचे आहेत, आणि टीव्हीचा कॅमेरा रिकामी जागा दाखवत नाही.

मग आला 'फ्लड', म्हणजे पूर. 2000 च्या मोसमात एसेंडनने पहिले वीस सामने सलग जिंकले होते. एकविसाव्या फेरीत टेरी वॉलेस यांच्या वेस्टर्न बुलडॉग्जने जवळजवळ अख्खा संघ बचावात ओतला, एसेंडनच्या आक्रमकांना श्वास घ्यायला जागा ठेवली नाही आणि सामना जिंकला. एसेंडनचा त्या वर्षीचा हा एकमेव पराभव. खेळाचं सौंदर्य गेलं, असा गिल्ला झाला. पण बाण सुटला होता. 2008 मध्ये अॅलिस्टर क्लार्कसन यांच्या हॉथॉर्नने माणसाऐवजी जागा धरायचं शास्त्र केलं. चेंडू जिकडे सरकेल तिकडे सगळा पुंजका सरकायचा, म्हणून त्याला 'क्लस्टर' म्हणत. त्या वर्षी जिलाँग साखळीत फक्त एकदा हरला होता, तरी अंतिम सामना हॉथॉर्नने मारला. त्या सामन्यात हॉथॉर्नच्या बचावपटूंनी दबाव आला की मुद्दाम चेंडू स्वतःच्याच बिहाइंड रेषेपलीकडे ढकलला, एक गुण देऊन टाकला आणि सुटका करून घेतली. अकरा वेळा. पुढच्याच मोसमात त्याविरुद्ध नियम आला.

हे सगळं शक्य झालं ते धावून दमलेल्याला बाहेर काढता येऊ लागल्याने. इंटरचेंज, म्हणजे राखीव खेळाडूंशी अदलाबदल, 1978 मध्ये दोन खेळाडूंनी सुरू झालं आणि 1998 पर्यंत चारवर गेलं. बदल किती वेळा करायचे याला बंधन नव्हतं, म्हणून प्रशिक्षक ते सतत करत राहिले. ताजे पाय मिळाले की अठराच्या अठरा जण चेंडूपाठोपाठ मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकतात. लीगने 2014 मध्ये सामन्याला 120 बदलांची मर्यादा घातली, ती 90 वर आणि 2021 मध्ये 75 वर आणली. 2019 पासून मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाने सहा बचावात, सहा मध्ये, सहा पुढे असंच उभं राहायचं, हा '6-6-6' नियम आहे. ज्या खेळाला कुठेही उभं राहायची मुभा जन्मापासून होती, त्यात उभं राहायची जागा आखून द्यावी लागली, ही मला या इतिहासातली सगळ्यात मोठी उलथापालथ वाटते.

आता हॉपकिन्स. खेळणं सोडल्यावर त्याने 1990 च्या दशकात चॅम्पियन डेटा या कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला. आज लीगची अधिकृत आकडेवारी तीच कंपनी ठेवते. किती किक, किती हँडबॉल, कुणाचा चेंडू कुणी हिसकावला, यातलं काहीही सुटत नाही. हँडबॉलने फिरलेल्या सामन्यातला खेळाडू पुढे प्रत्येक हँडबॉल मोजणाऱ्यांत असावा, हे मला फार भावतं. घरी बसलेल्या चाहत्याला डावपेचांवर बोलायला या आकड्यांनी भाषा दिली. तरीही 'फॅट साइड' उघडी होती की नाही, हे आकडा सांगत नाही.

बसायच्या जागाही दरम्यान बदलल्या. विंडी हिल, व्हिक्टोरिया पार्क, प्रिन्सेस पार्क ही उपनगरांतली मैदानं 1991 ते 2005 या काळात एकेक करून मोठ्या सामन्यांना मुकली. मेलबर्नचे सामने एमसीजी आणि 2000 मध्ये उघडलेल्या, छप्पर सरकवता येणाऱ्या डॉकलँड्सवर एकवटले. उतार गेले, खुर्च्या आल्या. अॅडलेड ओव्हलने मात्र 1911 चा हाताने चालवायचा धावफलक आणि त्याच्या पायथ्याची गवताळ टेकडी जपली आहे. सगळं नवं करताना त्यांना ते सुचलं, याबद्दल त्या शहराचे आभार मानावेसे वाटतात.

टीव्हीकडे पैसा किती आहे, तर 2025 ते 2031 या सात वर्षांच्या हक्कांसाठी साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. एवढे पैसे मोजणाऱ्याला चेहरे हवेत, टक्कर हवी, रक्त हवं. म्हणून कॅमेरा जवळ जातो. प्रशिक्षक मात्र सामन्याचा अभ्यास करताना गोलच्या मागून उंचावरून घेतलेलं चित्रण मागवतात, कारण त्यात सगळे छत्तीस जण एकदम दिसतात. चाहत्यांची मागणीही तेवढीच आहे: आम्हालाही ते दाखवा. मला ती रास्त वाटते.

पुण्या-मुंबईत बसून अंतिम सामना पाहायचा असेल तर सप्टेंबरचा शेवटचा शनिवार मोकळा ठेवा. मेलबर्नला दुपारी अडीचला खेळ सुरू झाला की आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. बिहाइंड गेला आणि बचावपटू किक मारायला गोलपुढे उभा राहिला की बरेचदा कॅमेरा त्याच्या पाठीमागून, उंचावरून पूर्ण मैदान दाखवतो. ते काही सेकंदच टिकतं. तेवढ्या वेळात चेंडूकडे बघू नका, लांबची मोकळी बाजू शोधा.