मॉल्डनचं काळं सोनं

मॉल्डोनाइटचा तुकडा ताजा फोडला तर आतून चांदीसारखा पांढरा दिसतो, गुलाबीकडे झुकणारा. हवा लागली की तांबूस पडतो आणि शेवटी काळाठिक्कर होतो. वजनाने त्यात सुमारे ६५ टक्के सोनं असतं, उरलेला बिस्मथ हा धातू. तरी काळवंडलेला कण पाहून सोन्याची शंकासुद्धा येणार नाही. हे खनिज ओळखायला माणसाला इतका वेळ का लागला, ते या रंगावरूनच लक्षात येतं.

बिस्मथची स्वतःची ओळखही फार उशिरा पटली. मध्य युरोपातले खाणकामगार त्याला अर्धीकच्ची चांदी समजत. चांदीच्या शोधात खणताना बिस्मथ लागला की आपण फार लवकर आलो, असं ते हळहळून म्हणत. सोळाव्या शतकात जर्मन खनिजतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोलाने त्याला शिसं आणि कथलापासून वेगळं मानलं, पण शिशाशी होणारा घोळ १७५३ मध्ये फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ जोफ्रॉय यांच्या कामानंतरच मिटला. पुढे १८०३ मध्ये लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी दाखवून दिलं की सोन्यात नावापुरता बिस्मथ मिसळला तरी ते ठिसूळ होतं. या दोन धातूंचं खनिज निसर्गातही तयार होतं, हे मात्र अजून कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

डिसेंबर १८५३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, टॅरॅनगॉवर डोंगराच्या परिसरात सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. त्यातूनच मॉल्डन हे गाव उभं राहिलं. गाळातलं सोनं वेचून झाल्यावर लोक गारेच्या शिरांकडे वळले. गावाच्या उत्तरेला ‘नगेटी रीफ’ नावाची अशीच एक शीर होती. तिच्यात पिवळ्या सोन्याबरोबर काळे कण निघत आणि त्यांना ‘काळं सोनं’ हे नाव पडलं. या कणांकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं ते जॉर्ज उलरिख यांनी. १८३० मध्ये जर्मनीत जन्मलेले, क्लाउस्टालसारख्या खाणींच्या गावातून आलेले आणि व्हिक्टोरियाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले हे गृहस्थ. १८७० च्या सुमारास त्यांनी गावाच्या नावावरून खनिजाला मॉल्डोनाइट हे नाव दिलं.

त्या काळची परीक्षा साधी होती, पण मला ती फार सुंदर वाटते. कोळशाच्या तुकड्यात खळगी करायची, त्यात कण ठेवायचा आणि सोनाराच्या फुंकणीसारख्या नळीने दिव्याची ज्योत त्यावर वळवायची. कण चटकन वितळतो. भोवती कोळशावर पिवळा थर बसतो, गरम असताना नारिंगीकडे झुकणारा आणि निवल्यावर लिंबाच्या सालीसारखा. हा बिस्मथचा ऑक्साइड. फुंकत राहिलं की बिस्मथ उडून जातो आणि खळगीत सोन्याचा मणी उरतो. दोन्ही धातूंची साक्ष एकाच कोळशावर मिळते. अडचण एवढीच की परीक्षेत नमुनाच खर्ची पडतो.

पुढचा टप्पा विसाव्या शतकातला. सोन्याचे दोन अणू आणि बिस्मथचा एक, अशी या संयुगाची घनाकार स्फटिकरचना १९३५ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. मिश्रधातूंच्या अभ्यासातून त्याहून महत्त्वाची गोष्ट कळली: हे संयुग साधारण ३७१ अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाही आणि ११६ अंशांच्या खालीही स्थिर नसतं. सावकाश थंड होणाऱ्या खडकात त्याचं पुन्हा सोनं आणि बिस्मथ असं विघटन होतं. घासून चकाकवलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली मग एकमेकांत गुंतलेल्या अळ्यांसारखी दोन धातूंची नक्षी दिसते. मॉल्डोनाइट दुर्मिळ असण्याचं हेच मोठं कारण असावं, असं मला वाटतं. पुष्कळसं तयार होऊनही मोडून गेलं असेल.

मॉल्डनच्या शिरांना शेजारच्या हार्कोर्ट ग्रॅनाइटची धग लागली होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. बिस्मथ २७१ अंशांनाच वितळतो. वितळलेल्या बिस्मथचे थेंब खडकातल्या गरम पाण्यातून सोनं शोषून घेतात, ही कल्पना गेल्या पंचवीसेक वर्षांत चांगलीच रुजली आहे. त्यामुळे अलास्कातल्या फोर्ट नॉक्ससारख्या खाणींतही भूवैज्ञानिक आता मॉल्डोनाइटचे बारीक कण मुद्दाम शोधतात.

आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणातलं स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइट सरावलेल्या डोळ्यांना लगेच ओळखू येतं. इथे डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. काळवंडलेला नुसता बिस्मथही तसाच दिसू शकतो. मॉल्डोनाइट इतकं मऊ असतं की नखाने ओरखडा उठतो, पण बिस्मथही मऊच. घनता मदतीला येते: बिस्मथची ९.८, मॉल्डोनाइटची सुमारे १५.५, सोन्याची १९.३. पण गारेत अडकलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या कणाची घनता मोजणार कशी? तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून रासायनिक घटक मोजणारं मायक्रोप्रोबच लागतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ रेमाँ कास्तँ यांनी १९५० च्या सुमारास विकसित केलेल्या या यंत्रामुळे कण न गमावता त्यातलं सोन्या-बिस्मथचं प्रमाण कळतं. जोनासोनाइट या सोनं, बिस्मथ आणि गंधकाच्या खनिजाचं रीतसर वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेही अशाच सूक्ष्म कणांवरून.

संग्राहकाने दोन गोष्टी पाळाव्यात. काळा थर घालवण्यासाठी नमुना नायट्रिक आम्लात बुडवू नये, कारण त्यात बिस्मथ विरघळतो आणि हाती नुसतं सच्छिद्र सोनं येतं. आणि जुन्या नमुन्याची चिठ्ठी, मग ती कितीही फाटकी असो, फेकू नये. ‘नगेटी रीफ’ एवढे दोन शब्द तिच्यावर असले, तर काळ्या ठिपक्याची तपासणी करून घेण्याचा खर्च नक्की करावा.