७/१२ टाइप केल्यावर ब्राउझरला काय कळतं?

सोलापुरातल्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्रात सकाळी थोडा वेळ थांबलात तर हे दृश्य हमखास दिसेल. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडून आलेलं कुणीतरी म्हणतं, "मालक, सातबारा काढायचाय." ऑपरेटर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाकतो, एंटर मारतो आणि सर्चचे निकाल येतात. यात काही विशेष घडलं असं कुणालाच वाटत नाही. पण इंटरनेटच्या नियमांत बसवून पाहिलं, तर ७/१२ हा चक्क एक वैध पत्ता आहे. ब्राउझरने तो पत्ता म्हणून वाचायचं नाकारलं आणि प्रश्न म्हणून सर्च इंजिनकडे पाठवला. हे त्याने कशावरून ठरवलं?

ॲड्रेस बार वरकरणी एकच असला तरी त्याच्यामागे दोन वेगळी कामं चालतात. पत्ता टाकला, की ब्राउझर डीएनएस या नावांच्या यंत्रणेला त्या नावामागचा अंकी पत्ता विचारतो आणि थेट त्या सर्व्हरशी बोलतो. शोधायचे शब्द टाकले, की ते एखाद्या सर्च कंपनीकडे जातात, आणि पुढे कुठे जायचं याची यादी ती कंपनी आपल्याला देते. पूर्वी या दोन कामांसाठी दोन वेगळ्या पेट्या असत. सप्टेंबर २००८मध्ये गुगलचा क्रोम आला, तो दोन्ही पेट्या एक करूनच. सफारीने २०१२मध्ये तेच केलं, आणि फायरफॉक्सने २०१७पासून नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी सर्चची वेगळी पेटी काढून टाकली. माणसाचं काम सोपं झालं, आणि "याला कुठे जायचंय की काही विचारायचंय" हे ओळखण्याची जबाबदारी ब्राउझरवर आली.

पुढे जे सांगतोय ते मुख्यतः क्रोमियमबद्दल आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे त्याच पायावर उभे आहेत आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो.

आता ७/१२चंच घेऊ. अंकी पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस सहसा चार आकड्यांचा असतो. घरच्या राउटरचं पान उघडायला आपण १९२.१६८.१.१ टाकतो, तसा. पण युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासून एक सवलत चालत आली आहे. चारऐवजी कमी आकडे दिले तरी चालतात. शेवटचा आकडा उरलेली सगळी जागा भरून काढतो. त्यामुळे नुसता ७ म्हणजे ०.०.०.७. त्यापुढची तिरकी रेघ आणि १२ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या पानाचा मार्ग. सोलापूरचा पिनकोड ४१३००१ नुसता टाकला, तर याच हिशोबाने तो ०.६.७७.७३ हा पत्ता होतो. पिनकोड टाकणाऱ्या माणसाच्या मनात असलं काही नसतं, हे उघड आहे. म्हणून क्रोमियमचा नियम असा: टिंबांनी वेगळे केलेले पूर्ण चार आकडे असतील तर तो पत्ता, त्याहून कमी असतील तर बहुधा शोध. एखादी तिरकी रेघ आणि पुढे आकडे आले तरी निर्णय बदलत नाही, कारण माणूस गणिताचं उत्तर शोधत असण्याची शक्यता जास्त, अशी टीपच त्या कोडमध्ये लिहून ठेवली आहे. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भागाकार होता. आपल्याकडच्या लाखो शेतकऱ्यांचा गावनमुना त्याच ओळीच्या आधाराने सर्चपर्यंत पोचतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. समोर http:// लावून हेच आकडे टाकले, तर मात्र ब्राउझर अंदाज करत बसत नाही; सांगितल्या पत्त्यावर जायला निघतो.

पण इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ७/१२ सर्चमध्ये गेला म्हणजे भूमी अभिलेखाच्या सरकारी साइटवर पोचलाच असं नाही. निकालांच्या वरच्या भागात जाहिराती असू शकतात, नावात भूलेख किंवा सातबारा असलेली खासगी पानंही असतात. खरा पत्ता माहीत असेल, म्हणजे महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन याने संपणारा, तर तो पूर्ण टाकावा. जीओव्ही डॉट इन हे शेपूट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. सर्चच्या निकालातल्या निळ्या अक्षरांना अशी कुठलीच हमी नसते.

बाकीचे नियम बघू. सगळ्यात सोपी खूण म्हणजे मोकळी जागा. "गड्डा यात्रा सोलापूर" यात शब्दांच्या मध्ये जागा आहे आणि साइटच्या नावात जागा चालत नाही, त्यामुळे हा शोधच. फोनवर यामुळे एक घोटाळा होतो. काही कीबोर्ड टिंबानंतर आपणहून जागा सोडतात, काही शब्द निवडल्यावर सोडतात. पत्ता बरोबर असतो, पण मध्ये एक जागा घुसते आणि सगळं सर्चमध्ये जातं.

दुसरी खूण टिंबाची, आणि खरी मौज इथे आहे. नुसतं टिंब असून भागत नाही. टिंबानंतरचा शेवटचा तुकडा हा मान्यताप्राप्त शेपटांपैकी असावा लागतो. पगारपत्रक.पीडीएफ असं नाव टाकलं तर पीडीएफ नावाचं शेपूट अस्तित्वात नाही, म्हणून शोध. १९८५च्या सुमाराला अशी शेपटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती: कॉम, एज्यु, जीओव्ही, ऑर्ग वगैरे. आज ती चौदाशेहून अधिक आहेत. ब्राउझरना ही ओळख पटवायला मदत करते ती पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची यादी. ती मोझिलाने सुरू केली आणि स्वयंसेवक तिची निगा राखतात. इन हे शेपूट, पण को डॉट इन आणि जीओव्ही डॉट इन हीसुद्धा शेपटंच, असले बारकावे तिच्यात नोंदलेले असतात. एका साइटच्या कुकी, म्हणजे तिने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, दुसऱ्या साइटच्या हाती लागू नयेत म्हणून ही यादी मुळात झाली. पत्ता ओळखण्याचं काम तिच्याकडे ओघाने आलं.

यादी वाढली की कालचा शोध आज पत्ता होतो. २०२३मध्ये झिप हे शेपूट सर्वांसाठी खुलं झालं. हे शेपूट यादीत येण्याआधी फोटो.झिप असं इंग्रजीत टाकलं तर ती फाइलचं नाव म्हणून शोधली जायची. आता ती साइट समजली जाते. फसवणूक करणाऱ्यांना ही आयती संधी आहे अशी टीका सुरक्षेच्या क्षेत्रातल्या लोकांनी तेव्हाच केली होती, आणि ती मला रास्त वाटते. अभियांत्रिकीच्या मुलांना हा अनुभव आधीपासून असतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलचं नाव पीवाय या अक्षरांनी संपतं आणि पीवाय हे पॅराग्वे देशाचं शेपूट आहे. फाइलचं नाव पट्टीत चिकटवलं, की ब्राउझर पॅराग्वेच्या नावांमध्ये साइट शोधायला लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना याचा एक खास पैलू आहे. २०१४पासून .भारत या देवनागरी शेपटाखाली नावं नोंदवता येतात. डीएनएसला मात्र देवनागरी समजत नाही. त्यामुळे ब्राउझर आतल्या आत 'भारत'चं रूपांतर इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या एका ओळीत करतो: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. या पद्धतीला प्युनीकोड म्हणतात. आता आपली लिहिण्याची सवय आठवा. "जि.सोलापूर", "ता.माढा", "डॉ.भारत", "श्री.भारत" असं टिंबाला चिकटून लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जि.सोलापूर टाकलं तर काही बिघडत नाही, कारण सोलापूर हे शेपूट नाही. सरळ शोध होतो. पण भारत नावाच्या एखाद्या गृहस्थांचा शोध घेताना "श्री.भारत" असं जागा न सोडता टाकलं, तर नियमाप्रमाणे तो पत्ता ठरतो, आणि तशी साइट नसेल तर 'साइट सापडत नाही' हे पान समोर येतं. टिंबानंतर एक जागा सोडली की प्रश्न मिटतो.

ईमेलचा पत्ताही असाच चकवतो. अ‍ॅटच्या चिन्हाच्या अलीकडे वापरकर्त्याचं नाव आणि पलीकडे साइटचं नाव, ही मांडणी वेब-पत्त्याच्या व्याकरणातही बसते. तरी कुणी नुसता ईमेल पट्टीत टाकला, तर त्याला त्या साइटवर लॉगिन करायचं असण्यापेक्षा ईमेलच शोधायचा असेल, असं धरून क्रोमियम सर्चकडे वळतो.

सगळ्यात अवघड काय, तर एकच शब्द. टिंब नाही, जागा नाही. "सोलापूर" टाकलं तर शोध हे ठीक. पण एखाद्या चादर कारखान्याच्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये आतल्या नेटवर्कवर सर्व्हरला "हिशोब" किंवा "स्टोअर" असं एका शब्दाचं नाव दिलेलं असू शकतं. तिथे बसलेल्या माणसाला तो सर्व्हर हवा असतो. क्रोम अशा वेळी आधी सर्च दाखवतो आणि दरम्यान मागच्या मागे डीएनएसला विचारतो, या नावाचं यंत्र खरंच आहे का. आहे असं उत्तर आलं, तर वर एक पट्टी येते: तुम्हाला तिथे जायचं होतं का?

ही युक्ती चालावी म्हणून एक अट आहे. नसलेल्या नावाला डीएनएसने 'नाही' असं खरं उत्तर दिलं पाहिजे. ते नेहमी मिळत नाही. काही इंटरनेट पुरवठादार चुकीच्या नावालाही जाहिरातींच्या पानाचा पत्ता देतात. सप्टेंबर २००३मध्ये तर कॉम आणि नेट ही शेपटं सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीनेच साइट फाइंडर नावाने हा प्रकार सगळ्या जगासाठी सुरू केला होता. आरडाओरडा झाल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो बंद करावा लागला. अशा ठिकाणी क्रोमला प्रत्येक शब्दामागे एक यंत्र आहे असं भासलं असतं आणि "चादर" शोधलं तरी ती पट्टी आली असती.

म्हणून क्रोमने परीक्षा घ्यायचं ठरवलं. ब्राउझर सुरू झाला की तो सात ते पंधरा अक्षरांची तीन अर्थहीन नावं बनवायचा आणि डीएनएसला विचारायचा. असली नावं असणं शक्यच नाही, तेव्हा उत्तर 'नाही' आलं तर नेटवर्क प्रामाणिक, आणि निदान दोन नावं एकाच ठिकाणी नेऊन सोडणारी निघाली तर मध्ये कुणीतरी उत्तरं बदलतंय. कल्पना नामी होती. पण टिंब नसलेल्या नावाची चौकशी डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, रूट सर्व्हरकडे जाते, कारण त्यावरचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच असतं. आणि दर वेळी नवं नाव असल्यामुळे मधल्या कुणाकडे जुनं उत्तर साठवलेलंही सापडत नाही. रूट सर्व्हरच्या ओळखी ए ते एम अशा तेराच आहेत. क्रोम जगभर पसरला तशी ही चौकशी फुगत गेली. २०२०मध्ये व्हेरिसाइनच्याच अभ्यासकांनी दाखवून दिलं, की रूट सर्व्हरकडे येणाऱ्या एकूण चौकशांपैकी जवळपास निम्म्या या अर्थहीन नावांच्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रोमने ही तपासणी मुळात बंद ठेवायला सुरुवात केली आणि रूटवरची गर्दी ठळकपणे उतरली. एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी घेतलेली काळजी साऱ्या इंटरनेटच्या मुळाशी जाऊन धडकावी, यावरून या छोट्याशा पट्टीचं वजन कळतं.

आठवणीचाही भाग असतो. याआधी तुम्ही काय टाइप केलं, किती वेळा, किती अलीकडे, हे ब्राउझर लक्षात ठेवतो आणि दोनचार अक्षरांतच पत्ता पुरा करून दाखवतो. म्हणून तीच अक्षरं घरच्या आणि केंद्रातल्या संगणकावर वेगळीकडे नेतात.

अंदाजावर सोडायचं नसेल तर दोन चिन्हं पुरतात. एका शब्दाच्या शेवटी तिरकी रेघ दिली, की क्रोम तो पत्ता मानतो. सुरुवातीला प्रश्नचिन्ह दिलं, की पुढे काहीही असलं तरी तो शोध. वर सांगितलेल्या "श्री.भारत"लाही प्रश्नचिन्ह लागू पडतं.

शेवटी, एंटर दाबण्याआधी काय होतं तेही पाहा. खाली सूचना दिसाव्यात म्हणून आपण टाइप करत असलेली अक्षरं सर्च कंपनीकडे जात राहतात. मजकूर पत्ता आहे असं वाटलं, तर क्रोमियम हात राखतो: पत्त्यात वापरकर्त्याचं नाव असेल किंवा प्रश्नचिन्हापुढची माहिती असेल, तर तो ते पाठवत नाही, सुरक्षित पत्त्यातलं साइटच्या नावापलीकडचंही पाठवत नाही. इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत सूचनांसाठी काहीच जात नाही. पण आधार क्रमांक किंवा खातं नंबर चुकून या पट्टीत चिकटवला, तर तो पत्त्यासारखा दिसत नाही, आणि ब्राउझर त्याला शोधाचा मजकूर समजू शकतो. दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रं हाताळणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन सूचना बंद कराव्यात. फायरफॉक्समध्ये सर्चची वेगळी पेटी आजही टूलबारवर आणता येते आणि ॲड्रेस बारमधून होणारा शोध पूर्ण बंद करता येतो. मग त्या पट्टीत टाकलेलं सगळं तो पत्ता म्हणूनच वाचतो.